एक ओळ आणि अर्थिंगचा खड्डा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटीशेवटी मी पुण्यात संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. माझ्या मूळच्या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यानं आमचं यंत्र घेतलं, तेव्हा साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तू तिकडचाच ना? तूच जा. लोकांशी बोलायला बरं पडेल."

मी तिकडचाच होतो, जळकोटच्या जवळचा. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला जायचो. तिथं माझ्यासारख्याशी लोक कसं बोलतात ते साहेबांना ठाऊक नव्हतं. कारखान्याच्या चीफ इंजिनियरांनी पहिल्याच दिवशी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "बरं बरं" म्हणाले आणि चहा सांगितला. एवढ्यावर भागलं म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढं तीन आठवडे हे गृहस्थ माझी डोकेदुखी होणार होते, आणि मी त्यांची.

काम साधं होतं. कारखान्याच्या ऑफिसात मोठं यंत्र, आणि यार्डाच्या टोकाला वजनकाट्यावर एक छोटं यंत्र. दोन्हींच्या मध्ये जाड पिवळी केबल. उसाची गाडी काट्यावर आली की वजन छोट्या यंत्रातून मोठ्या यंत्रात जायचं आणि छापील पावती बाहेर पडायची. हातानं लिहिलेल्या वजनावर कुणाचा विश्वास उरला नव्हता, म्हणून सभेत ठराव झाला होता: छापील पावती असेल तरच गाडी गव्हाणीकडे, गाळपासाठी, सोडायची. ठराव चांगला होता. फक्त यंत्र बंद पडलं तर काय करायचं, हे त्यात कुणी लिहिलं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. ऊस गुडघ्या-मांडीएवढा, पाचट झालेला. तोडल्यावर उन्हात गाडी उभी राहिली की तासातासाला हलका व्हायचा. तोडणारी टोळी आणि शेतकरी, दोघांनाही वजन हवं होतं, आणि लवकर हवं होतं.

पहिला आठवडा उत्तम गेला. रोज सकाळी मी मोठं यंत्र सुरू करायचो, मग काट्यावरच्या कारकुनांना हात करायचो आणि ते त्यांचं यंत्र सुरू करायचे. हे कारकून पन्नाशीचे, धोतर-सदरा, कानात अत्तराचा फाया. तीस वर्षं काटा सांभाळलेला माणूस. नव्या यंत्राला ते "तुमचं मशीन" म्हणायचे. काट्याला मात्र "आमचा काटा".

दुसऱ्या आठवड्यात लाइट जायला लागली. ऑफिसची लाइट वीज बोर्डाची होती, काट्याची मात्र कारखान्याच्या स्वतःच्या टर्बाइनवरची. म्हणजे लाइट गेली की माझं मोठं यंत्र मरायचं आणि काट्यावरचं छोटं यंत्र जिवंत राहायचं. मला हे माहीत होतं. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही.

पहिल्यांदा लाइट गेली ती सकाळी दहाला. पंधरा मिनिटांत आली. मी यंत्र सुरू केलं. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, मेमरी मोजून झाली, डिस्क तपासायला घेतली आणि मध्येच सगळं थांबलं. खाली एक शब्द: पॅनिक. त्याच्यापुढं एक आकडा. म्हणजे संगणकाचा गाभा, ज्याला आम्ही कर्नल म्हणतो, तोच कोसळला होता. मी आकडा वहीत लिहिला, यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथंच पॅनिक. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच.

चीफ इंजिनियर येऊन मागं उभे राहिले. "काय झालं?"

"कर्नल पडतोय, सर."

"कोण कर्नल?"

ते लष्करातल्या माणसाबद्दल विचारत होते हे मला नंतर कळलं. दुपारपर्यंत ऑफिसात बातमी होती की पुण्याहून कुणी कर्नलसाहेब यायचे आहेत, त्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

यार्डात साठ-सत्तर बैलगाड्या उभ्या राहिल्या. बैल सोडून सावलीला बांधायचे तर सावली नव्हती. साडेबाराला मी वैतागून यंत्र बंद केलं, दोन घास खाऊन आलो आणि पुन्हा सुरू केलं. यंत्र गुणी मुलासारखं सुरू झालं.

"गरम झालं होतं," चीफ इंजिनियर म्हणाले. "थंड झालं, चाललं."

हे असंच घडत गेलं. लाइट जायची, यायची, यंत्र पाच-सहा वेळा पडायचं. मग तासभर थांबलं की चालायचं. खिडकीला वाळ्याचे पडदे लावले. ते भिजवायला पाणी नव्हतं, म्हणून ते नुसतेच लटकत राहिले. दोन पंखे आणले. एकदा नारळ फोडला. नारळ फोडल्यावर यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी तीन नारळ आले.

माझ्या वहीत एव्हाना एकवीस पॅनिक लिहिलेली होती. प्रत्येक वेळी आकडा तोच होता. मी ती वही रोज उघडत होतो, रोज त्यात लिहीत होतो. गरम होऊन मरणारं यंत्र रोज नेमक्या त्याच जागी मरत नाही, हे मला त्या एकवीस आकड्यांकडे बघून कळायला हवं होतं. मी चार वर्षं हेच काम करत होतो. आजही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

यंत्र पडायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी काट्यावरच्या कारकुनांनी मला सांगितलं होतं.

"सायेब, एक बोलू का? म्या गाडी काट्यावर घेऊन कळ दाबली की तुमचं मशीन मरतंय. म्या गप बसलो की उठतंय."

"असं कसं होईल काका?"

"गाडीचं वजन पडलं की करंट खेचत असंल इकडं."

मी हसलो. वजनानं करंट खेचला जात नाही, हे मी त्यांना शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "करंटाचं मला कळत न्हाय. पन मरतंय तवाच, हे डोळ्यानं बघलालोय." त्यांचं कारण चूक होतं, म्हणून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंही मी कचऱ्यात टाकलं. वर त्यांना सांगितलं, "तुम्ही आपलं दर दोन मिनिटांनी कळ दाबून बघत राहा. यंत्र उठलं की तुम्हाला लगेच कळेल." ते बिचारे दाबत राहिले.

चौथ्या दिवशी पुण्याला ट्रंक कॉल लावला. दीड तासानं लागला. साहेबांना ओरडून सगळं सांगितलं.

"इथं लॅबमध्ये सहा महिने चाललंय ते," साहेब म्हणाले. "सॉफ्टवेअर नाही. अर्थिंग बघ. ग्रामीण भागात अर्थिंग बोंबललेलं असतं."

"पण सर, आकडा एकच येतो..."

"अरे, अर्थिंग बघ आधी!" आणि फोन कटला.

मी अर्थिंग बघितलं. मीटर लावला, सुई हवी त्यापेक्षा थोडी जास्त हलली. थोडीच. पण मला काहीतरी हवंच होतं. मी कागद घेतला, "अर्थिंग सदोष आहे" असं लिहिलं, खाली सही केली आणि चीफ इंजिनियरांना दिला. त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. पाचच मिनिटांत त्यांनी कारखान्याच्या वायरमनला मेमो काढला: तुमच्या हलगर्जीपणामुळं गाळपात खंड पडत आहे, खुलासा करावा.

वायरमन चाळिशीचा, शांत, बोटांवर जुन्या भाजल्याचे डाग. मेमो हातात घेऊन तो माझ्याकडे आला. "सायेब, अर्थिंग म्याच केलंय. दोन वर्सं झाली. कवा तक्रार न्हाय."

"नवीन यंत्राला जास्त चांगलं लागतं," मी म्हणालो. हे खरंही होतं आणि त्याचा इथं काहीएक संबंधही नव्हता.

त्यानं ऑफिसमागं खड्डा घेतला. दुष्काळानं जमीन अशी कडक झाली होती की पहिला हातभर खणायला सकाळ गेली. पुरुषभर खोल खणून त्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ असे थर भरले. आणि मग पाणी. अर्थिंगचा खड्डा ओला राहिला नाही तर उपयोग नाही, हे मीच सांगितलं. रोज दोन टिपाडं, म्हणजे दोन पिंपं भरून.

कारखान्यावर पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा. यंत्रांना लागायचं ते वेगळं, पण प्यायचं पाणी याच टँकरचं. ऊसतोड टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या यार्डाच्या कडेला होत्या. त्यांच्यातल्या बाया पहाटेपासून घागरी रांगेला लावून ठेवायच्या. त्या दिवशी टँकर आला आणि चीफ इंजिनियरांच्या हुकमानं आधी आमची दोन टिपाडं भरली गेली. वायरमननं ती ढकलत आणून खड्ड्यात उलटी केली. भुसभुशीत कोळशानं पाणी असं पिऊन टाकलं की वर ओल सुद्धा राहिली नाही.

रांगेतल्या बाया येऊन बघत उभ्या राहिल्या. त्यातली एक, कडेवर पोर घेतलेली, म्हणाली, "ह्ये काय करलालाव?"

वायरमननं मान वर न करता माझ्याकडे बोट केलं. "सायबास्नी इचार."

"मशीनला लागतं," मी म्हणालो.

"मशीन पानी पितंय व्हय?"

ती खरंच विचारत होती. मी उत्तर देऊ शकलो असतो, अर्थिंग म्हणजे काय वगैरे. दिलं नाही. आत जाऊन पंख्याखाली बसलो.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी लाइट गेलीच नाही. यंत्र अखंड चाललं. चीफ इंजिनियरांनी पेढे मागवले आणि मी पुण्याला तार केली, काम झालं म्हणून. तिसऱ्या दिवशी नऊला लाइट गेली, साडेनऊला आली, आणि यंत्र त्याच आकड्यावर पडलं. सात वेळा.

"पाणी कमी पडलं," चीफ इंजिनियर म्हणाले. "चार टिपाडं टाका."

वायरमन दारात उभा होता. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "सायेब, मानसाला पानी न्हाय, आन खड्ड्याला चार टिपाडं? म्या टाकनार न्हाय. दुसरा मेमो द्या."

चीफ इंजिनियर लाल झाले. मी म्हणालो, "थांबा, एक तास थांबू. मग बघू." कशाला थांबायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. फक्त त्या दोघांच्या मधून मला बाजूला व्हायचं होतं.

बाराच्या सुमाराला मी खिडकीतून यार्डाकडे बघत होतो. काट्यावरचे कारकून खोलीला कडी लावून भाकरी खायला निघाले होते. मी सवयीनं यंत्राचं बटण दाबलं. यंत्र उठलं.

मी यंत्राकडे बघितलं. खिडकीतून दूर जाणाऱ्या त्या धोतराकडे बघितलं. आणि मग पळत सुटलो.

"काका, जेवण नंतर करा. परत चला."

"आता काय मेलं?"

"काही नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो. मी खिडकीतून टॉवेल हलवला की तुम्ही कळ दाबत राहा. टॉवेल खाली घेतला की थांबा. कळेला हात लावू नका."

पाठोपाठ आठ वेळा केलं. टॉवेल वर, पॅनिक. टॉवेल खाली, पाच मिनिटं थांबून सुरू केलं, यंत्र चालू. एकदाही चुकलं नाही. यार्डातल्या गाडीवानांना वाटलं मी उन्हानं चळलो.

आता कारण सांगतो, त्याला फार काही शिकावं लागत नाही. काट्यावरचं छोटं यंत्र मोठ्याला हाका मारायचं. उत्तर आलं नाही तर आधी दर सेकंदाला, मग दमल्यासारखं मिनिटाला, मग पाच मिनिटांनी. कळ दाबली की पुन्हा दर सेकंदाला. मोठं यंत्र सुरू होताना कर्नल एकेक गोष्ट क्रमानं उभी करतो. केबलमधून आलेले निरोप ठेवायला मेमरीत एक रांग करावी लागते. त्यानंतर केबल जिथं जोडलेली असते त्या कार्डाला सांगायचं की आता निरोप घे. आमच्या कर्नलमध्ये कार्डाला आधीच "घे" म्हटलेलं होतं आणि रांग नंतर, डिस्क तपासून झाल्यावर, तयार होत होती. मधल्या आठ-दहा सेकंदांत एखादी हाक आली, तर ती ठेवायला जागाच नाही. नसलेल्या जागी कर्नल हात घालायचा आणि कोसळायचा. लॅबमध्ये आम्ही नेहमी मोठं यंत्र आधी सुरू करायचो, तेव्हा हाक मारणारं कुणी जागं नसायचंच. तासभर थांबल्यावर चालायचं ते थंड झाल्यामुळं नव्हे. तासाभरात कारकूनकाका कंटाळून कळ दाबायचं सोडायचे म्हणून. आणि यार्डात जितक्या जास्त गाड्या, तितक्या जास्त वेळा ते माझ्या सांगण्यावरून कळ दाबायचे.

कार्डाच्या प्रोग्रॅमचे छापील कागद माझ्या बॅगेत होते. पहिल्या दिवसापासून होते. मी ते टेबलावर पसरले आणि ती ओळ शोधली. सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. "घे" सांगणारी ओळ जिथं असायला हवी होती तिथून उचलून कुणीतरी वर नेली होती. बाजूला शेरा होता: दिवा लवकर लागावा म्हणून वर घेतली. शेऱ्याखाली माझी आद्याक्षरं होती.

मला लख्ख आठवलं. सहा महिन्यांपूर्वी कंपनीत पाहुणे यायचे होते. यंत्र सुरू केल्यावर कार्डावरचा हिरवा दिवा फार उशिरा लागतो, बरं दिसत नाही, असं साहेब म्हणाले होते. मी ओळ वर सरकवली. दिवा लगेच लागला. पाहुणे खूश झाले. ओळ खाली घ्यायची मी विसरलो. विसरलो तरी कसं म्हणू? ती खाली घ्यायला हवी, हे मला तेव्हा सुचलंच नव्हतं.

ओळ खाली आणली. कर्नल नव्यानं बांधायला पाऊण तास गेला. मग मी यंत्र सुरू करून टॉवेल वर धरला. काकांनी बोट दुखेपर्यंत कळ दाबली. यंत्र उठलं आणि काट्यावरची पहिली पावती बाहेर आली.

मी आधी काट्यावर गेलो. "काका, तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. चूक माझी होती. माझ्या हातची."

ते पावत्या फाडून देत होते. गाड्यांची रांग हलत होती. एक गाडी गेल्यावर म्हणाले, "मंजी आठ दिस यार्डात ज्या शिव्या म्या खाल्ल्या, त्या तुमच्या होत्या व्हय?"

"हो."

"लई होत्या," ते म्हणाले आणि पुढची गाडी घेतली.

वायरमन ऑफिसमागं खड्ड्यावर फरशी बसवत होता. त्यालाही सांगितलं. त्यानं थापी खाली ठेवली. रागावेल असं वाटलं होतं, पण तो हात पुसून उभा राहिला. मग म्हणाला, "मेमोचं लिवून द्या. सही करून. जशी अर्थिंगला केली तशी."

"देतो."

"आन त्या बायास्नी तुमीच सांगा. म्या न्हाय सांगनार."

मी लिहून दिलं: अर्थिंगमध्ये दोष नव्हता, दोष आमच्या प्रोग्रॅममध्ये होता, तो मी केलेला होता. चीफ इंजिनियरांनी ते वाचलं आणि मला बसवून घेतलं. "अहो, हे कशाला? मशीन चालतंय ना? मी चेअरमनसाहेबांना सांगून बसलोय की अर्थिंग होतं म्हणून. आता उलट कसं सांगू? खड्डा झाला तो चांगलाच झाला. कधीतरी कामाला येईल."

"सर, मेमो मागं घ्या. मी इथून हलणार नाही तोवर."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. त्यांनी मेमोची प्रत काढून माझ्यासमोर फाडली. माझं पत्र मात्र ड्रॉवरमध्ये टाकलं. ते पुढं जाणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, कोप्यांकडे गेलो. कडेवर पोर असलेली ती बाई चुलीसमोर बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की खड्ड्यात पाणी ओतायची गरज नव्हती, माझी चूक झाली, आता कुणी ओतणार नाही. तिनं ऐकलं. काठीनं जाळ सारखा केला.

"आमाला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "उद्या गाडी जल्दी सुटंल का, तेवढं सांगा."

"सुटेल."

"मग झालं." आणि आतल्या कुणाला तरी पीठ आणायला हाक मारली.

गाड्या सुटल्या. दुसऱ्या दिवशी लाइट तीनदा गेली आणि यंत्र तिन्ही वेळा उठलं. पण आठ-दहा दिवसांतच आजूबाजूचा ऊस संपला. चार महिन्यांचं गाळप दोन महिन्यांत आटोपलं. टोळ्या कोप्या मोडून, चारा मिळेल तिकडे बैल घेऊन निघून गेल्या. काटा रिकामा, केबल ठीक, यंत्र ठणठणीत.

पुण्याला परतल्यावर मी साहेबांना ओळीचं सगळं सांगितलं. त्यांनी ओळ दुरुस्त करून घेतली, तेवढी समज त्यांना होती. मग माझ्या तारेचा कागद काढला. तारेत मी "अर्थिंग केले, काम झाले" असं कळवलेलं होतं. "ग्राहकाच्या फायलीत हेच राहू दे," ते म्हणाले. "आपल्याच प्रोग्रॅममध्ये चूक होती, हे कुठं लिहायचं?" मी वाद घातला. दोन दिवस घातला. शेवटी त्यांनी मला दुसऱ्या कामावर लावलं.

त्यानंतर आमच्या कंपनीचं यंत्र जिथं जिथं बसलं, तिथल्या तयारीच्या यादीत पहिली अट छापलेली असायची: नवीन अर्थिंग, कोळसा, मीठ, रोज दोन टिपाडं पाणी. ती यादी टाइप करून माझ्याकडे तपासायला यायची. मी दर वेळी त्या ओळीवर काट मारायचो, आणि दर वेळी ती पुन्हा टाइप होऊन यायची.